भरल्या अंगाची तुळा

साताऱ्याच्या बाजारात गूळ येतो तो मुका येतो. ढेपेवर गोणपाट, गोणपाटावर सुतळी, आणि वर दुकानदाराचा हात. नाक जवळ नेलं तरी तो फारसं काही सांगत नाही. गुळाचा खरा वास असतो तो रस उकळताना, आणि तो वास दुकानात येत नाही, वाऱ्यावर येतो. परवा शाळेतून घरी परतत होतो. हातात मुलांच्या वह्या होत्या. माहुलीच्या बाजूनं वारा सुटला आणि त्यात तो वास होता. कुणाच्या तरी मळ्यात यंदाची पहिली काहील उतरली असणार. मी रस्त्यातच थांबलो. लोकांच्या तोंडाला या वासानं पाणी सुटतं. माझं तोंड सुकतं. जीभ टाळ्याला चिकटते आणि पाणी प्यावंसं वाटतं, पण पाणी प्यायचं धाडस होत नाही. मार्गशीर्ष लागला की हे असं होतं. यंदाही झालं.

मी बी.ए. आहे. हे मी लपवत नाही, मिरवतो. आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिला. सांगलीत खोली करून राहिलो, हातानं भाकऱ्या थापल्या, सुट्टीला गावी येऊन बैलांच्या मागं चाललो आणि पास झालो. ज्याला आजोबांची पगडी मिरवायची त्यानं ती मिरवावी, मला माझी पदवी आहे. पण खरं सांगायचं तर इतकी पुस्तकं वाचून एक वास नाकातून काढता येत नाही. तो आला की मी साताऱ्यात नसतो. कृष्णाकाठच्या आमच्या मळ्यात असतो, लढाई संपली त्या वर्षीच्या हिवाळ्यात, आणि थोरला भाऊ शिवादादा चुलवणासमोर घोंगडी पांघरून बसलेला असतो.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका बाजूला बैल चरक फिरवतात, उसाचा रस निघतो. तो रस अंगणाएवढ्या काहिलीत, म्हणजे पसरट कढईत, उकळतो. काहिलीखाली जमिनीत खणलेली भट्टी असते, तेच चुलवण. त्याच्या तोंडाशी बसून एक माणूस रस काढलेल्या उसाची चिपाडं सारखी आत ढकलत असतो. त्याचा चेहरा भट्टीच्याच रंगाचा होतो. पलीकडं तीन वासे उभे करून टांगलेला मोठा काटा असतो, साखळ्यांना लाकडी पारडी, ढेपा तोलायला. वाऱ्यानं रिकामी पारडी हलली की साखळ्या किणकिणतात. तो आवाज आणि तो वास माझ्या डोक्यात एकमेकांना असे चिकटलेत की एक आला की दुसरा येतोच.

दादा पंचविसाव्या वर्षी इटलीतल्या लढाईतून परत आला तो दोन महिन्यांच्या रजेवर. खाकी कोट, छातीवर नीट बसलेली बटणं, गालावर तकाकी. आईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पहिली गोष्ट काय केली, तर कोटावरूनच त्याच्या पाठीवर हात फिरवला. बैल विकत घेताना फिरवतात तसा. "भरलाय," ती म्हणाली. "सरकारनं उपाशी न्हाई ठेवला."

तिचा नवस होता. दादा बोटीवर चढल्याचं कळलं त्या दिवशी ती भैरोबापुढं बोलली होती की माझा शिवा धडधाकट माघारी आला तर त्याला गुळाच्या भारंभार तोलीन. एका पारड्यात माणूस, दुसऱ्या पारड्यात गूळ, काटा सरळ झाला की तो सगळा गूळ देवाचा आणि गावाचा. आमच्याकडं ही जुनी रीत आहे. तिला एक अट आहे, कुठं लिहिलेली नाही पण सगळ्या बायकांना पाठ आहे. तुळा करायची ती भरल्या अंगाची. आजारातून उठलेलं पोर लगेच पारड्यात बसवायचं नाही. आधी त्याला खाऊपिऊ घालायचं, त्याचं अंग त्याला परत मिळू द्यायचं, मग बसवायचं. देवानं अख्खं माणूस दिलं, आपण त्याला अर्ध्याचं माप कसं द्यायचं?

दादा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवायला बसला, भाकरीचा चतकोर मोडून घेतला आणि उरलेली भाकरी परत टोपल्यात ठेवली.

"का रं? करपली व्हय?"

"न्हाई आई. मला वजन उतरवायचं हाय."

आईनं इकडंतिकडं बघितलं. "कुनाचं?"

"माझं."

मग त्यानं सांगितलं. पलटणीत तो बॉक्सिंग शिकला होता. गोऱ्या साहेबानं शिकवलं होतं, आणि त्याचा हात चांगला चालत होता. रजा संपली की छावणीत मोठ्या कुस्त्या, म्हणजे बॉक्सिंगच्या, होणार होत्या. तिथं नुसतं जा आणि लढ असं नसतं. आधी काट्यावर चढायचं. वजनाचे वर्ग असतात. दादाचं नेहमीचं वजन नऊ स्टोन नऊ पौंड, त्याचा वर्ग लाइटवेट. त्याला उतरायचं होतं खालच्या वर्गात, फेदरवेटमध्ये, म्हणजे बरोबर नऊ स्टोनवर.

"फेदर मंजे?" आईनं मला विचारलं. शिकलेला मी ना.

"पीस. पिसाच्या वजनाचे गडी."

"माजं पोर पिसाच्या वजनाचं व्हनार?" ती हसली. मग हसू गेलं. "आनि नऊ पौंड मंजे किती रं, सदा?"

"चार-साडेचार शेर."

ती टोपल्याकडं बघत राहिली. "ह्याच्या बारशाला ह्यालाच गुळाच्या काट्यात घातला व्हता. चार शेराला वर झाला व्हता. समद्या बाया बघाया आल्या व्हत्या." मग दादाकडं वळून म्हणाली, "मंजे जनमलास तेवढा समदा काढून टाकायचा म्हन की."

दादा मोठ्यानं हसला. मीही हसलो. तिच्या बोलण्याला आम्ही नेहमीच हसायचो.

बापू वस्ताद आमच्या गावच्या तालमीचा जुना माणूस. गुऱ्हाळावर रस प्यायला यायचा आणि बोलायला बसायचा. त्याला ही गोष्ट कळली तेव्हा त्यानं पेला खाली ठेवला. "काय म्हन्तोस? पोरगं तालमीत घातलं की आमी दावनीला म्हस बांधतो. तुमच्यात उपास धरत्यात? खेळ हाय का एकादशी हाय ह्यो?"

"वस्ताद, तुमची जोड नजरंनं लागती. तितं काट्यावर लागती."

"मग काट्यालाच लढू दे की! तू कशाला जातूस?" सगळे हसले. वस्ताद मात्र हसला नाही. "तुजं खरं वजन येगळं हाय न्हवं? मग त्या वजनाच्या गड्यासंगं लढ. अंगात हाय तेवढं घेऊन लढावं मानसानं."

दादानं चुलवणात चिपाडांचा एक कवळा ढकलला. "त्या वजनाचा गडी दस्तगीर हाय," तो म्हणाला.

वस्तादानं खाली ठेवलेला पेला परत उचलला.

दस्तगीर मिरजेचा. बाप तंबोरे आणि सतारी करणारा. तो आणि दादा एका दिवशी भरती झाले, एका बोटीत बसले, आणि इटलीच्या बर्फात एका कांबळ्याखाली झोपले. उंची तीच, हाताचा पल्ला तोच. बूट बदलले तरी कुणाला कळलं नसतं. आणि वजन, दादा सांगायचा, पौंडाला पौंड. पलटणीतून एका वर्गाला एकच गडी जाणार. साहेबानं सांगितलं होतं की तुम्ही दोघं आधी आपसात लढा, जो राहील तो जाईल.

"रोज सरावात मारतोसच की त्याला," मी म्हणालो.

"त्ये येगळं. तितं मी त्याला थांबून मारतो, त्यो मला थांबून मारतो." दादा आपल्या मुठीकडं बघत होता. "खरं मारायचं मंजे थांबायचं न्हाई. त्ये मला त्याच्यावर जमायचं न्हाई. आनि जमलं तर मंग मी कोन?"

म्हणून तो खालच्या वर्गात जाणार होता. एवढंच कारण. यात बक्षिसाची हाव नव्हती, साहेबाचा धाक नव्हता. मी पुढं बऱ्याच जणांना हे सांगितलं आहे. लोकांना दुसरं काहीतरी कारण हवं असतं.

पहिल्या पंधरवड्यात वजन सहज उतरलं. भाकरी गेली, दूध गेलं, तो पहाटे नदीच्या वाळूत पळायला लागला. मग अंग हटून बसलं. शेरभर राहिलं, दीड शेर राहिलं, आणि पुढं हलेना. शरीराला स्वतःचं असं एक वजन असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. ते उपाशी ठेवा, पळवा, ते वाकडं तोंड करतं आणि रात्रीतून परत आपल्या जागी येऊन बसतं, ओढ्याला नेऊन सोडलेलं मांजर परत घरी यावं तसं. मग दादानं पाण्याकडं मोर्चा वळवला. आणि त्यानं चुलवण मागून घेतलं.

जाळ घालणाऱ्या गड्याला त्यानं उठवलं आणि स्वतः त्या जागी बसला. अंगात तो खाकी कोट, त्यावर घोंगडी, त्यावर आईची वाकळ. समोर भट्टीचं तोंड. बाजूनं रस उकळतोय, वाफ खाली उतरतेय, मधमाश्या घोंगावताहेत. घाम त्याच्या भुवयांवरून टपटपायचा, आणि तो चिपाडं ढकलत राहायचा. पलटणीत त्याचा हुद्दा नाईक, त्यावरून गावातली माणसं चेष्टा करायची. "नाईकसाहेब, सरकारनं ह्याच कामाला परत धाडलं व्हय?" तो हसायचा. पण हसताना ओठ फुटायचे, म्हणून पुढं पुढं नुसते डोळे हसायचे.

त्याला तहान लागली की तो तांब्या तोंडाला लावायचा, गाल फुगवायचा, आणि सगळं पाणी भुईवर थुंकायचा. पाणी तोंडात घेऊन टाकून देणारा माणूस आमच्या घरात कुणी पाहिला नव्हता. आई एकदा ते बघत उभी होती. पाणी मातीत जिरलं. "भुई पिली," ती म्हणाली, "पोरगं न्हाई पिलं."

एका दुपारी काहिलीत रस घट्ट होत आला होता. हाच तो वास, पिवळा, जड, घशात बसणारा. दादानं डोळे मिटले होते. मला वाटलं झोपला. तेवढ्यात म्हणाला, "बी.ए., एक सांग." मी अजून पास झालो नव्हतो, पण तो मला तसंच हाक मारायचा. "वासाला वजन असतं का रं? लय वास खाल्ला मी आज. काट्यावर दिसंल का?"

"नसतं," मी म्हणालो. "वासाला वजन नसतं."

"मग बरं हाय," तो म्हणाला, आणि दीर्घ श्वास घेतला, पोटभर.

रोज संध्याकाळी तो गुळाच्या काट्यात बसायचा. नऊ स्टोन म्हणजे बाजारच्या मापानं किती, ते मी काढून दिलं होतं. दीड मणाच्या जरा वर. तेवढी वजनं आबा एका पारड्यात मांडायचे. आबा म्हणजे आमचे वडील, ते बोलणारे नव्हते. दुसऱ्या पारड्यात दादा मांडी घालून बसायचा, दोन्ही हातांनी साखळ्या धरून. लहान पोरं झोक्यावर बसतात तसा. पहिल्या दिवसांत त्याचं पारडं भुईला टेकायचं. मग ते एक बोट वर राहायला लागलं, मग दोन बोटं. आई त्या वेळी पाठ फिरवून काकवी गाळत असायची, पण साखळी किणकिणली की तिचा हात थांबायचा.

ज्या दिवशी काटा सरळ झाला त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या. दादाचे गाल आत गेले होते, डोळे मोठे दिसत होते, गळ्याखाली दोन खळगे पडले होते. बापू वस्ताद तिथं होता. तो उठून गेला.

"आई," दादा पारड्यातूनच ओरडला, "आता हितंच तुळा करून टाक. गूळ कमी लागंल!"

आई आली. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही, पारड्याकडं पाहिलं. "खाली उतर."

"अगं, बसलोच हाय न्हवं? वजनं काढायची आनि ढेपा ठेवायच्या."

"उतर म्हन्ते! द्येवाला फसवू व्हय मी? माझं पोर आलं तवा ह्येवढं न्हवतं. आलं तवा भरलेलं व्हतं. हे जे बसलंय न्हवं पारड्यात, ह्याचा नवस मी बोलले न्हवते." मग आवाज खाली आला. "तुजी गुद्दागुद्दी झाली की रजा काढून ये. पंधरा दिस माज्या हातचं खा. मग बसवते. भैरोबा कुटं पळून जात न्हाई."

आबा तेव्हा पहिल्यांदा बोलले. "बसलाय तर करून घ्यावं."

"न्हाई," ती म्हणाली.

तिचं चुकलं, असं गावात पुढं पुष्कळांनी म्हटलं. नवस लांबवला म्हणून देव कोपला. मी या गोष्टीवर विश्वास ठेवत नाही, आणि तसं तोंडावर सांगतो. ती जिथं उभी होती तिथं उभं राहिलं तर दुसरं काही करता येतच नव्हतं. तिला अर्धा मुलगा तोलायचा नव्हता.

मी त्याला मिरजेपर्यंत पोचवायला गेलो. गाडीला वेळ होता म्हणून दस्तगीरच्या घरी गेलो. तोही रजेवर होता, दोघं बरोबर परत जाणार होते. घर म्हणजे पुढं कारखाना. आढ्याला दोऱ्या बांधून तंबोऱ्याचे भोपळे सुकत टांगलेले, लहानमोठे, पिवळे, राखी. त्यांच्या सावल्या भिंतीवर फिरत होत्या. दस्तगीरच्या आईनं चहा आणला. दादानं कप हातात धरला, त्याची ऊब घेतली आणि माझ्यासमोर सारला. दस्तगीर त्याच्याकडं सारखा बघत होता. "शिवा, बास झालं रं," तो म्हणाला. "आजून काय काढतोस? हाडं?"

"परवाच्या काट्यापतुर पाणी न्हाई. मग बघ कसा पितो. घागर रिकामी करतो."

म्हातारे चाचा, दस्तगीरचे वडील, एक भोपळा मांडीवर घेऊन बोटानं वाजवून बघत होते. "ओला भोपळा जड असतो, पन बोलत न्हाई," ते मला म्हणाले. "वाळून हलका झाला की त्यातनं सूर निघतो." दादानं ते ऐकलं आणि आपल्या बरगडीवर टिचकी मारली. "मग माज्यातनं बी निगंल, चाचा!" ते दोघं, दस्तगीर आणि दादा, खांद्यावर ट्रंका घेऊन फलाटावर चालत गेले. मागून बघितलं तर पहिल्यांदाच कुणीही सांगू शकलं असतं की कोण कोणता.

माघात गुऱ्हाळ चालूच होतं. एका सकाळी बांधावरून एक माणूस येताना दिसला. दादासारखी चाल. आई हातातलं टाकून पुढं गेली, आणि मग थांबली. दस्तगीर होता. त्याच्या हातात दादाचा तो खाकी कोट होता, नीट घडी घातलेला.

तो ओसरीवर बसला नाही. भुईवरच बसला आणि सगळं सांगितलं. दादा काट्यावर बरोबर नऊ स्टोन भरला. मग पाणी प्यायला, पण ते पोटात राहिलं नाही. दुपारी रिंगणात उतरला. पहिली फेरी त्याची होती. दुसऱ्या फेरीत समोरच्याचा एक ठोसा कपाळाच्या बाजूला लागला. "मोठा न्हवता, मावशी. मी रोज त्याला त्याच्यापेक्षा जोरात मारायचो, आनि त्यो हसायचा." दादा खाली बसला, उठला, पंचाला हात केला, परत लढला. फेरी संपल्यावर स्टुलावर बसून दस्तगीरला म्हणाला, गुळाचा वास येतोय. मग त्याची मान कलली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच त्याचा जीव गेला. शुद्धीवर आलाच नाही.

कुणी रडायच्या आधी दस्तगीर आणखी एक बोलला. "साहेबानं आपसात लढा म्हनल्यावर आमी दोघंबी खाली उतराया तयार व्हतो. छापा-काटा केला, जिंकंल त्यानं उतरायचं. मी काटा मागितला, छापा पडला. काटा पडला आसता तर मी उतरलो आसतो."

चरक थांबलेला होता. बैलांनी माना हलवल्या, घुंगरं वाजली.  आई उठली, आत गेली, आणि ताट वाढून आणलं. "जेव," ती म्हणाली.

पुढं मिरजेत एका डॉक्टरांना मी विचारलं. ते भले गृहस्थ होते, म्हणाले की नक्की सांगता येत नाही. पण नारळातलं पाणी आटलं की आतला गोटा सुटतो आणि हलवलं की कवटीला आपटतो, ते पाहिलंय ना तुम्ही? तसं काहीतरी. मी पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो. शिकल्यानं मला एवढं मिळालं, एक नारळ. तरी मी म्हणतो, मिळालं ते बरं. देव कोपला यापेक्षा ते बरं.

आईनं दस्तगीरला जाऊ दिलं नाही. तो दोन दिवसांसाठी आला होता, तिनं ठेवून घेतला. आम्हाला वाटलं, दुःखानं माणूस कुणालातरी धरून ठेवतो तसं असेल. पण ती त्याला खायला घालत होती. सकाळी दूध, दुपारी भाकरी आणि लोणी, संध्याकाळी ताजी काकवी. त्याला घास गिळवत नव्हता. "मावशी, पुरे," म्हणायचा. ती वाढत राहायची. दादाच्या मागं तोही वाळला होता, अन्न सोडलं होतं त्यानं. रोज संध्याकाळी ती त्याला दादाचा कोट घालायला लावायची, समोर उभी राहायची आणि बटणं लावून बघायची. कोट छातीवर सैल पडायचा. "आजून न्हाई," ती म्हणायची.

मला उलगडा झाला तो तेव्हा. मी आबांकडं पाहिलं. त्यांना आधीच कळलं होतं.

कोट ज्या दिवशी छातीवर नीट बसला, त्या दिवशी तिनं दस्तगीरचा हात धरला आणि त्याला काट्याकडं नेलं. "शिवा माघारी आला व्हता," ती त्याला म्हणाली. "धडधाकट आला व्हता. भैरोबानं त्याचं काम केलं. माझं द्यायचं राहिलंय. तुमचं दोगांचं वजन येक हाय न्हवं?"

दस्तगीर एक पाऊल मागं सरला. "मी कसा बसू, मावशी?"

माणसं जमली होती. मागून कुणीतरी कुजबुजलं की हा मुसलमान, भैरोबाच्या तुळेला कसा चालेल. आई वळली. "त्याच्या अंगावर शिवाचा कोट हाय. त्याच्या पोटात माजी भाकरी हाय. आता काट्याला इचारा, त्याला चालतंय का." आणि बापू वस्तादानं, ज्यानं जन्मभर नजरेनं जोड लावली होती, दस्तगीरला खांद्याला धरून पारड्यात बसवलं. "बस गड्या," म्हणाला, "तुमची जोड बरूबर हाय."

दस्तगीरनं दोन्ही हातांनी साखळ्या धरल्या. आबा ढेपा ठेवत गेले. शेवटी फोडलेल्या ढेपेचे खडे ठेवायची वेळ आली तेव्हा आई पुढं झाली. एक ठेवला, काटा हलला. दुसरा ठेवला. पारडी समोरासमोर आली आणि स्थिर झाली.  मी आईच्या चेहऱ्याकडं बघत होतो. ती दस्तगीरकडं बघत नव्हती, गुळाकडं बघत होती. एवढा मोठा, पिवळा, ताजा, उबदार ढीग. तिनं त्यावर तळहात ठेवला आणि फिरवला, पाठीवर फिरवतात तसा.

तो गूळ गावात वाटला. माझ्या वाट्याला आलेला खडा मी खाल्ला. गोड होता. त्यानंतर मी गूळ खाल्लेला नाही.

नवस फिटला, गोष्ट तिथं संपायला हवी होती. पण पुढच्या वर्षी गुऱ्हाळ लागलं आणि दस्तगीर न बोलावता आला. पलटण सोडून तो आता बापाबरोबर भोपळे कोरत होता. त्या वर्षी आणि पुढंही देशात हिंदू-मुसलमानांत जे झालं ते झालं, पण मिरजेहून आमच्या मळ्याची वाट बदलली नाही. तो आला आणि काट्यापाशी जाऊन उभा राहिला. आईनं कोट आणला. तेव्हापासून दर हंगामाला, यंदा धरून पाच वर्षं, हे होतं. आता हा नवस नाही, रीतही नाही, याला काय म्हणावं ते माझ्या शिक्षणात नाही.

यंदा वास आल्यावर मी सुट्टी काढून गावी गेलो. न जाण्याचं कितीदा ठरवतो, पण मार्गशीर्ष आला की पाय तिकडंच वळतात. दस्तगीर आदल्या दिवशीच आला होता. त्याचं लग्न झालंय, एक मुलगी आहे, बसून बसून काम केल्यानं पोट सुटलंय. कोटाचं मधलं बटण लागेना. तो ओशाळला. "मावशी, आवंदा वजन वाढलंय माझं. एक महिना थांबली आसतीस तर कमी करून आलो आसतो."

आईनं बटणावरचा त्याचा हात बाजूला केला.

"कमी करायचं नाव काढायचं न्हाई," ती म्हणाली. तिनं बटण तसंच सोडलं आणि त्याला पारड्यात बसवलं. आता ती म्हातारी दिसते, ढेप तिला उचलत नाही, आबा आणि मी ठेवत गेलो. गेल्या वर्षी जेवढ्या ठेवल्या तेवढ्या झाल्या. काटा सरळ झाला नाही. दस्तगीरचं पारडं खालीच होतं.

मी एक खडा आणला. तिनं तो माझ्या हातातून घेतला. काहिलीवरून वारा आला आणि सगळ्या अंगणात तो वास पसरला. माझं तोंड सुकलं. तिनं खडा ढिगावर ठेवला, काटा सरळ झाला, साखळी किणकिणली.

"तीस वर्साचा झाला," आई आबांना म्हणाली. "बगा की. अंगानं भरलाय आता."